फुलपाखरू-पालनाचा अभ्यासक्रम निवडताना: अमेरिकेतील ५२६ परवाना आणि अडकणारे अर्ज

अमेरिकेत राहून फुलपाखरे वाढवावीत आणि लग्नसमारंभांना, शाळांना किंवा प्रदर्शनांना विकावीत, असा विचार करणाऱ्यांचा पहिला गैरसमज म्हणजे अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मिळाले की विक्री सुरू करता येते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जिवंत फुलपाखरे पाठवण्यासाठी संघीय कृषी खात्याच्या ‘एफिस’ या विभागाचा पीपीक्यू ५२६ परवाना लागतो आणि त्याच्या अर्जात असे प्रमाणपत्र मागितलेलेच नाही. म्हणून अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याआधी, तो हा अर्ज स्वतः भरायला शिकवतो का, एवढे तरी विचारून घ्यावे.

सुरवंट पाने खातात, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने फुलपाखरू ही वनस्पतींवरची कीड ठरते. अर्जावर तसाच उल्लेख असल्याने हा आपला अर्ज नव्हेच, असे समजून अनेक जण मागे फिरतात आणि खात्याला इतक्या वर्षांत एक सोपा खुलासा ठळकपणे देता आलेला नाही, याचे वाईट वाटते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही.

अडचण येते ती तपशिलात. नुसते ‘मोनार्क’ असे फुलपाखराच्या जातीचे प्रचलित नाव लिहून चालत नाही. शास्त्रीय नाव, अंडी, सुरवंट, कोष की प्रौढ यांपैकी कोणती अवस्था पाठवणार, पोहोचण्याचे राज्य आणि उद्देश हे सर्व नेमके द्यावे लागते. मोकळ्यावर सोडणे आणि बंदिस्त प्रदर्शनात ठेवणे हे दोन वेगळे उद्देश आहेत. बाहेर सोडण्यासाठी मोजक्या देशी जातींनाच परवानगी मिळते आणि मोनार्कला तर रॉकी पर्वतातील जलविभाजक रेषा ओलांडून पाठवण्याची मुभा नाही, हे ठाऊक नसल्याने पूर्वेकडचे अनेक फुलपाखरू-पालक पश्चिमेकडच्या कॅलिफोर्नियातील मागणी स्वीकारून बसतात. शिवाय अर्ज त्या त्या राज्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडेही अभिप्रायासाठी जातो, त्यामुळे लग्नाची तारीख ठरल्यावर अर्ज करणे म्हणजे ग्राहकाला निराश करणेच होय; परवाना हातात आल्याशिवाय मागणी घेऊ नये.

अभ्यासक्रमाचा दर्जा मात्र रोगनियंत्रणावरून पारखावा. मोनार्कला ‘ओई’ या सूक्ष्म परजीवीची लागण होते. बाधित मादीच्या अंगावरचे बीजाणू अंड्यांवर व पानांवर पडतात आणि सुरवंट ते खातात. प्रौढाच्या पोटावर चिकटपट्टी हलकेच दाबून, तिला लागलेले खवले सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे ही कृती शिकणाऱ्याने स्वतःच्या हातांनी केलीच पाहिजे. आपल्याकडे हळदीकुंकू म्हणून परिचित असलेली रुईच्या कुळातील वनस्पती तिकडे सुरवंटांसाठी सर्रास लावतात, परंतु उबदार राज्यांत ती हिवाळ्यातही हिरवी राहते आणि बीजाणू साचत जातात. शिक्षक हे सांगत नसेल तर तो अभ्यासक्रम सोडून द्यावा. अंड्यापासून प्रौढापर्यंत मोनार्कला उन्हाळ्यात सुमारे महिना लागतो, तेव्हा दोन दिवसांच्या शिबिरात पूर्ण चक्र हाताळायला मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

केवळ मोनार्कवर बेतलेल्या प्रशिक्षणात पैसे गुंतवण्यापूर्वी थांबून विचार करावा, कारण डिसेंबर २०२४ मध्ये संघीय वन्यजीव सेवेने या जातीला धोक्यातील जातींच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला आणि कॅलिफोर्नियात तर मोनार्क पकडण्या-पाळण्यासाठी राज्याचीही वेगळी परवानगी लागते. ‘पेंटेड लेडी’ या दुसऱ्या जातीच्या फुलपाखराचे सुरवंट कृत्रिम खाद्यावर वाढतात, त्यामुळे नवशिक्याने सुरुवात तिच्यापासून करणे अधिक सुरक्षित आहे.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी आणि काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-४ (एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) धारकांनी हा अर्ज भरण्याआधी स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण कृषी खात्याचा परवाना मिळाला तरी त्यामुळे अमेरिकेत व्यवसायातून कमाई करण्याचा हक्क मिळत नाही.