‘गूगलने साइन इन करा’ हे बटण दाबल्यावर काय होतं? आमच्या आंबा-ग्राहकांसाठी माहितीपत्रक

देवगडहून आमच्याकडे पेट्या मागवणारे बरेच जण फोनवर हमखास विचारतात, “गूगलने लॉगइन केलं तर माझा पासवर्ड तुम्हाला दिसतो का हो?” नाही दिसत. बटण दाबलं की तुम्ही आमच्या साइटवरून गूगलच्या पानावर जाता आणि पासवर्ड तिथेच टाकता. पूर्वी पहिल्यांदा मुंबईला निघालेल्या पोराच्या हातात गावातलं कुणी जाणतं माणूस ओळखीची चिठ्ठी द्यायचं. तशीच एक चिठ्ठी गूगल आम्हाला पाठवतं. तिला टोकन म्हणतात. तिच्यावर गूगलची डिजिटल सही असते आणि मुदत थोडीच असते. ओपनआयडी कनेक्ट नावाची ही पद्धत २०१४ पासून रूढ आहे.

चिठ्ठीत काय असतं, ते गूगलच्या पानावर पुढे जाण्याआधी लिहिलेलं असतं: नाव, ईमेल, फोटो वगैरे. शिवाय तुमच्या खात्याचा एक न बदलणारा ओळख क्रमांक असतो, तो मात्र तुम्हाला दिसत नाही. यातला क्रमांक आणि ईमेल एवढंच आम्ही साठवतो. फोटोचं आम्हाला काही काम नाही. गूगलवरचं नावही उपयोगाचं नाही, कारण ऑर्डर दादरहून भाऊ करतो आणि पेटी जाते ठाण्याला बहिणीकडे. पेटीवरचं नाव, पत्ता आणि मोबाइल तुम्ही ऑर्डर देताना स्वतः भरता, तेच आम्ही धरतो.

ते पान घाईत पुढे ढकलू नका, ही विनंती आमच्यापुरती नाही. एखादं दुकान किंवा खेळाचं ॲप तुमचे कॉन्टॅक्ट, जीमेल किंवा ड्राइव्ह वाचायची परवानगी मागत असेल, तर तिथेच थांबा. आंबे विकणाऱ्याला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवा? २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण गाजलं, त्याच्या मुळाशी फेसबुकवरचं एक प्रश्नोत्तरांचं ॲप होतं. ते घेतलं होतं साधारण पावणेतीन लाख लोकांनी; पण त्यांच्या मित्रयाद्यांमधून माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, असं फेसबुकनेच सांगितलं. म्हणजे ‘हो’ एकाने म्हटलं आणि माहिती गेली भलत्यांचीच.

आता एक गोष्ट, जी ग्राहक सहसा विचारत नाहीत. या बटणामुळे आम्हाला तुमच्याबद्दल कळतं ते थोडंच, पण तुम्ही आमच्याकडे आलात हे गूगलला कळतं. किती डझन घेतले, पेटी कुठे गेली, हे लॉगइनमधून त्याला कळत नाही. (बिल मात्र जीमेलवर मागवलंत, तर तेही गूगलच्याच सर्व्हरवर पडणार. ते टाळायचं तर बिल व्हॉट्सॲपवर मागा. तिथे मालक कंपनी मेटा आहे, पण मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाही.) तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे ओळख देणाऱ्यालाही कळू नये, अशी ‘पर्सोना’ नावाची सोय फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०११ मध्ये आणली होती. चांगली होती, पण फारशी कुणी वापरली नाही आणि २०१६ मध्ये बंद झाली.

गूगलचा ओळख क्रमांक सगळ्या साइटना एकच मिळतो. म्हणजे दोन दुकानदारांनी याद्या जुळवल्या, तर गिऱ्हाईक एकच आहे हे सहज कळेल. ‘ॲपलने साइन इन करा’ या बटणात मात्र ॲपल २०१९ पासून प्रत्येक कंपनीला वेगळा क्रमांक देतं आणि हवं तर तुमचा खरा ईमेल झाकून बदली पत्ता देतं. आयफोनवाल्यांनी तो खुशाल वापरावा. फक्त हंगाम संपेपर्यंत तो पत्ता बंद करू नका, नाहीतर पेटी निघाल्याची मेल पोचायची नाही.

यातलं काहीच नको असेल, तर मोबाइलवर ओटीपी घेऊन ऑर्डर करा. पेटी पोचवायला नंबर आम्हाला लागतोच, त्यामुळे जास्तीचं काही द्यावं लागत नाही. आम्हाला विचाराल तर वर्षातून एक-दोनदा मागवणाऱ्यांनी हेच करावं.

मे महिन्यात गावच्या घरी एकच टॅब सगळ्यांच्या हातातून फिरतो, तेव्हा एवढं सांभाळा: आमच्या साइटवरून लॉगआउट केलं, तरी त्या टॅबवर गूगल चालूच राहतं. पुढच्याने बटण दाबलं की पासवर्ड न विचारता तुमचं खातं उघडू शकतं, जुन्या पत्त्यांसकट. दुसऱ्याच्या यंत्रावर गूगलमधूनही बाहेर पडा. आणि पासवर्ड टाकण्याआधी वरच्या पट्टीत ‘अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम’ हाच पत्ता आहे ना, ते बघा. स्वस्त हापूसच्या जाहिरातीमागे हुबेहूब दिसणारं खोटं पानही असू शकतं.

आमच्याशी जोडलेलं खातं तोडायचं असेल, तर गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲप-सेवांची यादी असते, तिथून काढा. त्याने पुढचा दरवाजा बंद होतो, पण आमच्याकडे आधीच असलेली माहिती पुसली जात नाही. ती पुसायची तर आम्हाला कळवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसून मागण्याची तरतूद आहे, पण तुम्ही कायद्याचं नाव न घेताही आम्ही पुसू. हिशेबासाठी ठेवावी लागणारी बिलं तेवढी राहतील. माहिती पुसायला पेटीवर छापलेल्या नंबरवर निरोप टाका. एप्रिल-मेमध्ये माणसं बागेत असतात, उत्तराला एखादा दिवस उशीर होईल.