पीएचपीमायअ‍ॅडमिनमधल्या ओळी ‘गायब’ होत नाहीत

डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला, पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (मायएसक्यूएल डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं साधन) जुन्याकडे टेबलात २,१०,००० ओळी दिसत होत्या, नव्याकडे १,७०,०००. म्हणजे इम्पोर्ट अर्धवट झालं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि लोक त्यापायी चांगली झालेली आयात पुसून पुन्हा करत बसतात.

आकड्याच्या आधी ‘~’ असं चिन्ह आहे का, ते आधी बघा. असेल तर तो निव्वळ अंदाज आहे. इनोडीबी (मायएसक्यूएलमध्ये टेबलातला डेटा साठवणारं इंजिन) एकूण ओळींची नोंद ठेवतच नाही, कारण एकाच क्षणी दोन ट्रान्झॅक्शनना (एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या गटांना) वेगवेगळ्या ओळी दिसू शकतात. ते डेटाची मोजकी पानं (मूळ सेटिंग २०) चाळून ठोकताळा मांडतं आणि तो ४०-५० टक्क्यांनीही चुकू शकतो. मायआयसॅम हे जुनं इंजिन मात्र नेमका आकडा जपून ठेवतं. जुन्या टेबलांबाबत ही तक्रार नव्हती ती यामुळेच.

पीएचपीमायअ‍ॅडमिन ५०,००० ओळींच्या आतल्या टेबलांची खरी मोजणी स्वतःच करतं, त्यापुढे अंदाज दाखवतं. ही मर्यादा ‘मॅक्सएक्झॅक्टकाउंट’ या सेटिंगमध्ये आहे. ती वाढवू नका. मोठी टेबलं असतील तर यादीचं पान उघडायलाच वेळ लागेल.

नेमका आकडा हवा असेल तर ‘~’वाल्या आकड्यावर क्लिक करा, किंवा ‘सिलेक्ट काउंट(*)’ ही क्वेरी दोन्हीकडे चालवून ताडून बघा. मायएसक्यूएल ८ असेल तर आणखी एक गोम आहे: अंदाजाचे आकडे २४ तास कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहतात, म्हणून नुकतं भरलेलं टेबल रिकामंही दिसू शकतं. ‘अ‍ॅनालाइझ टेबल’ चालवलं की आकडा ताजा होतो, पण अंदाजच राहतो.