अहेपा आणि गापा: एकाच गल्लीतल्या दोन संस्था

अमेरिकेतल्या ग्रीकांविषयी वाचायला बसलं की ‘अहेपा’ आणि ‘गापा’ ही नावं हमखास आडवी येतात. पहिलीचं पूर्ण नाव अमेरिकन हेलेनिक एज्युकेशनल प्रोग्रेसिव्ह असोसिएशन, दुसरीचं ग्रीक अमेरिकन प्रोग्रेसिव्ह असोसिएशन. ‘प्रोग्रेसिव्ह’ दोघींतही आहे. गंमत म्हणजे ग्रीकपण जपायला निघालेल्या गापाने परक्यांनी दिलेलं ‘ग्रीक’ हे नाव लावलं आणि इंग्रजीत कारभार करणाऱ्या अहेपाने ‘हेलेनिक’ हे घरचं.

अहेपा २६ जुलै १९२२ रोजी अटलांटात स्थापन झाली. गाव महत्त्वाचं आहे, कारण परक्या स्थलांतरितांचा आणि काळ्यांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लान या गोऱ्या वंशवादी संघटनेचं मुख्यालय तिथेच होतं. ग्रीकांच्या खाणावळी आणि मिठाईच्या दुकानांवर बहिष्कार पडत होता. त्याआधी, १९०९ साली, नेब्रास्कातल्या साउथ ओमाहात जमावाने ग्रीक वस्ती जाळली होती. म्हणून अहेपाच्या व्यापारी संस्थापकांनी ठरवलं की आपण अमेरिकन आहोत हे दिसलं पाहिजे. सभेची भाषा इंग्रजी, नागरिकत्व घेण्याचा आग्रह, धर्माची अट नाही, ग्रीक नसलेल्यालाही दार उघडं. फ्रँकलिन रूझवेल्टही सभासद होते. अमेरिकन बंधुसंघांच्या थाटात डोक्यावर फेज टोपीही आली. ज्या ऑटोमन तुर्की सत्तेविरुद्ध आजे-पणजे लढले, तिचीच टोपी! यावर गापावाल्यांनी काय टोमणे मारले असतील, याची कल्पना करून बघा.

गापा पुढच्याच वर्षी, १९२३ साली, पेनसिल्वेनियात पिट्सबर्गजवळ उभी राहिली, ती याच धोरणाला उत्तर म्हणून. तिच्या सभा ग्रीकमध्ये चालत. ऑर्थोडॉक्स चर्च आणि ग्रीक भाषा टिकली पाहिजे, हा तिचा हट्ट. पण तेवढ्यावरून गापाला ‘अमेरिकाविरोधी’ समजणं चूक आहे. तिचे सभासदही अमेरिकेतच राहायला आले होते. नव्या घरात देव्हारा कुठे मांडायचा, एवढाच वाद होता.

आणखी एक घोळ टाळायला हवा. याच काळात अमेरिकेतले ग्रीक व्हेनिझेलोसवादी (ग्रीक पंतप्रधान व्हेनिझेलोसचे समर्थक) आणि राजनिष्ठ अशा दोन तटांत फुटले होते. ते भांडण अथेन्समध्ये सत्ता कोणाची, यावरचं. त्यापायी एकेका शहरात चर्च वेगळी झाली, कॉफीची दुकानंही वेगळी. माणूस ‘अटलांटिस’ वाचतो की ‘नॅशनल हेरल्ड’, यावरून त्याचा गट कळे: पहिलं वर्तमानपत्र राजाच्या बाजूचं, दुसरं व्हेनिझेलोसच्या. ही जखम १९३१ साली अमेरिकेतल्या ग्रीक चर्चचे प्रमुख म्हणून आर्चबिशप अथेनागोरस आल्यावर हळूहळू भरत गेली. अहेपा-गापाचा प्रश्न मात्र अमेरिकेत कसं जगायचं, हा होता. अहेपाने तर मायदेशाचं पक्षीय राजकारण मुद्दाम उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं.

गापाच्या पायाखालची वाळू सरकली ती १९२४ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने. त्यात दरवर्षी कुठल्या देशातून किती माणसं येऊ शकतील, हे ठरलं. ग्रीसचा कोटा वर्षाला अवघा १०० माणसांचा झाला. ताजं ग्रीक बोलणारे येईनात आणि घरातली मुलं इंग्रजीत उत्तर देऊ लागली. अहेपात त्या मुलांची सोय आधीच होती. ती वाढली आणि आजही चालू आहे. पण १९७४ साली तुर्कस्तानचं सैन्य ग्रीक बहुसंख्य असलेल्या सायप्रसमध्ये उतरलं, तेव्हा तुर्कस्तानची शस्त्रं रोखा म्हणून वॉशिंग्टनमध्ये खासदारांचे उंबरे झिजवणाऱ्यांत हीच ‘आम्ही अमेरिकन’ म्हणणारी अहेपा होती.