फरचा भाव नेमका ठरवतं कोण? सापळ्याच्या धंद्याचा मागचा इतिहास

फर म्हटलं की श्रीमंत बायकांचे कोट आठवतात, पण उत्तर अमेरिकेत हा धंदा उभा राहिला तो पुरुषांच्या टोप्यांवर. या टोप्या बनायच्या बीव्हरच्या (पाण्यात बांध घालणारा उंदराच्या गटातला प्राणी) फरपासून. युरोपातले बीव्हर मारून मारून संपत आलेले, टोप्यांची फॅशन मात्र जोरात, मग १६७० मध्ये लंडनच्या हडसन्स बे कंपनीला राजाची सनद मिळाली आणि आताच्या कॅनडातून कातडी जहाजं भरून जायला लागली.

बीव्हरला वरती लांब राठ केस असतात आणि खाली दाट मऊ लोकर, तिच्या केसांना अगदी बारीक आकडे असतात त्यामुळे दाबली की एकमेकांत घट्ट अडकून मस्त फेल्ट (दाबून बनवलेलं जाड कापड) होतं. गंमत म्हणजे सुरुवातीला नव्या कातड्यापेक्षा वापरलेल्याला भाव जास्त! तिथले मूळ रहिवासी केसांची बाजू आत करून ही कातडी अंगावर घालायचे, घालून घालून लांब केस झडून जायचे आणि टोपीवाल्याचं अर्धं काम फुकटात व्हायचं. कंपनीच्या ठाण्यांवर हिशोबच बीव्हरमध्ये चालायचा, बंदूक असो की किटली, किंमत इतके बीव्हर.

मग १८३०-४० च्या सुमारास रेशमी टोप्या आल्या आणि भाव कोसळला. अमेरिकेतला बडा फर व्यापारी जॉन जेकब ॲस्टर हुशार निघाला, १८३४ मध्येच फरच्या धंद्यातून बाहेर. रॉकी पर्वतातला ट्रॅपर (सापळे लावून जनावरं पकडणाऱ्या) लोकांचा वार्षिक मेळा १८४० नंतर भरलाच नाही. बीव्हर पूर्ण संपला नाही त्यात या रेशमाचा मोठा हात आहे असं मला वाटतं, कारण कडक कायदे फार उशिरा आले.

पुढे कारखान्यात बनलेले पोलादी सापळे मिळायला लागले आणि शेतकऱ्यांची पोरंसुद्धा हिवाळ्यात मस्करॅट, रॅकून अशी लहान फरवाली जनावरं पकडून चार पैसे कमवायला लागली. १९२० च्या दशकात कॉलेजच्या मुलांना रॅकून कोटाचं वेड लागलं, ते गेलं. १९७० च्या दशकात परत तेजी, लांब केसांच्या फरला तुफान मागणी, आणि १९८० चं दशक संपेपर्यंत फरविरोधी आंदोलनं, बाजारातली मंदी असं सगळं एकदमच अंगावर आलं. १९९१ मध्ये युरोपने पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदीचा कायदा केला.

२०१३ च्या आसपास चीन आणि रशियाच्या मागणीने पुन्हा भाव चढले, दोनेक वर्षांत उतरले. कोयोटी (लांडग्याच्या जातीचा प्राणी) तेवढा टिकून होता, जॅकेटच्या टोपीच्या कडेला लावायला, तर २०२१ मध्ये कॅनडा गूज या जॅकेटवाल्या कंपनीने फर बंद करायचं जाहीर केलं. त्याआधी २०१९ मध्येच नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स ही मोठी लिलाव कंपनी आर्थिक संकटात सापडली होती.

पण सापळे थांबलेले नाहीत. बीव्हरच्या बांधामुळे रस्ता किंवा शेत पाण्याखाली गेलं की लोक ट्रॅपरला पैसे देऊन बोलावतात, म्हणजे मजुरी जनावर हटवायची मिळते, आणि कातड्याला भाव नसेल तर ते सोलायचे कष्टही कोणी घेत नाही.