सीआरपीचा आकडा आला कुठून?

पोराला ताप, खोकला, छाती उडतेय. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘सीबीसी, सीआरपी’. सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, रक्तातलं एक प्रथिन. रिपोर्ट हातात पडला की आईबापांचा पहिला प्रश्न एकच: व्हायरल आहे की बॅक्टेरियल?

हा प्रश्न रक्ताला विचारावा लागतो, कारण छातीतून थेट उत्तर मिळत नाही. लहान मूल कफ थुंकत नाही, गिळून टाकतं. न्यूमोनियात रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जिवाणू सापडतो तो फार थोड्या मुलांत. आणि न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जिवाणू धडधाकट मुलांच्याही नाकात असतो.

1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं सीरम न्यूमोकॉकसपासून काढलेल्या एका अंशात मिसळून पाहत होते. त्या अंशाला त्यांनी ‘सी’ म्हटलं होतं. आजार जोरात असताना मिश्रणात साका धरायचा, रुग्ण बरा झाला की धरेनासा व्हायचा. अँटिबॉडी असती तर ती बरं होताना वाढली असती. इथे उलटंच घडत होतं. 1941 मध्ये त्याच संस्थेत ऑस्वाल्ड ॲव्हरींच्या प्रयोगशाळेने हा पदार्थ प्रथिन असल्याचं दाखवलं. सीआरपीतला ‘सी’ तो हाच.

हे प्रथिन जंतू बनवत नाही, आपलं यकृत बनवतं. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. आकडा शरीराची प्रतिक्रिया सांगतो, शत्रूचं नाव सांगत नाही. शिवाय तो चढायला सहा-आठ तास लागतात आणि शिखर गाठायला साधारण दोन दिवस. म्हणून तापाच्या पहिल्याच संध्याकाळी आलेल्या कमी आकड्यावर निर्धास्त होता येत नाही. ॲडिनोव्हायरससारखा विषाणूही तो बराच चढवतो.

पुढचा टप्पा पॅरिसचा आणि थेट मुलांचा. 1993 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी संसर्गाचा संशय असलेल्या 79 मुलांचं प्रोकॅल्सिटोनिन मोजलं. एरवी थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचं हे पूर्वरूप. गंभीर जिवाणू-संसर्गात ते प्रचंड वाढलेलं दिसलं, विषाणूंच्या आजारात थोडंसंच.

तोवर शोध जिवाणूने वाढणाऱ्या खुणांचाच चालला होता. मग उलटी बाजूही तपासली गेली: विषाणूने काय वाढतं? ट्रेल नावाचं प्रथिन विषाणू-संसर्गात चढतं आणि जिवाणू-संसर्गात उतरतं. इस्राएलमधल्या एका गटाने 2015 मध्ये ट्रेल, आयपी-10 हे आणखी एक प्रथिन आणि सीआरपी अशी तिघांची सांगड मांडली. 2021 मध्ये त्यावरच्या चाचणीला एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेची परवानगी मिळाली.

गडचिरोलीत यातलं काही हाताशी नव्हतं. तिथे 1988 पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. त्याने मुलं वाचली. पण श्वासाच्या वेगावरून जिवाणू की विषाणू हे कळत नाही, त्यामुळे विषाणूच्या आजारातही अँटिबायोटिक जातं.

ही फट सीआरपीने किती बुजते? मुलांच्या न्यूमोनियाची कारणं शोधणाऱ्या, आफ्रिका-आशियातल्या सात देशांत झालेल्या ‘पर्च’ अभ्यासात सीआरपीसाठी लिटरला 40 मिलिग्रॅमची रेघ धरली, तेव्हा खात्रीच्या जिवाणू-न्यूमोनियाच्या 100 पैकी 77 मुलं वर सापडली. उरलेली 23 रेघेखाली होती.

अमेरिकेतल्या 2011 च्या बाल-न्यूमोनिया मार्गदर्शक सूचनांनीही तेच बजावलं होतं: नुसत्या आकड्यावर निवाडा करू नका.