फोटोत न दिसणारी जाडी

इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकातली एक तलवार जपून ठेवलेली आहे. तिला कॉनयर्स फाल्शन म्हणतात. सॉकबर्नच्या सर जॉन कॉनयर्सनं एका अक्राळविक्राळ सर्पाला हिनंच मारलं, अशी दंतकथा आहे. कॉनयर्स घराण्याकडच्या जहागिरीची अट अशी होती, की नवा बिशप डरहॅमच्या हद्दीत आला की ही तलवार त्याच्यापुढे धरायची. सर्पाचं राहू द्या, तलवार मात्र खरी आहे. फाल्शन जातीच्या तलवारींसारखी ती एकधारी असून मुठीपाशी अरुंद आणि टोकाकडे रुंदावत गेलेली आहे. आपल्याकडच्या कुणीही फोटो पाहिला तर तो पटकन म्हणेल, हा तर कोयता!

याच समजापायी तिच्या अनेक आधुनिक प्रतिकृती फसतात. कोयता म्हटला की जाड, दणकट, एका घावात तुकडा पाडणारं हत्यार डोळ्यांपुढे येतं, आणि कारागीर तसंच पातं घडवतो. मूळ तलवार सुमारे ८९ सेंमी लांब आहे आणि वजन जेमतेम १.३ किलो. पातं मुठीपाशीच काही मिलिमीटर जाडीचं आहे, आणि पुढे जिथे ते सर्वांत रुंद होतं तिथे जाडी दोन मिलिमीटरच्याही आत उतरते. इतक्या पातळ पत्र्याला कोयता म्हणणं अवघड आहे.

फोटोवरून लांबी कळते, रुंदी कळते, मुठीची घडण कळते. जाडी कळत नाही. आणि जुन्या तलवारीचं सारं मर्म जाडीतच असतं.

एक ढोबळ हिशेब करून पाहा. पातं ७४ सेंमी लांब आणि सरासरी ७ सेंमी रुंद धरू, म्हणजे क्षेत्रफळ ५१८ चौरस सेंमी झालं. पोलादाच्या एका घन सेंमीचं वजन ७.८५ ग्रॅम. जाडी सगळीकडे ४ मिमी ठेवली तर नुसतं पातंच १६२६ ग्रॅम भरतं. सरासरी जाडी २ मिमीवर आणली की तेच पातं ८१३ ग्रॅम. धारेकडचा उतार धरला तर दोन्ही आकडे आणखी खाली येतील, पण प्रमाण तेच राहील. दोन्ही प्रतिकृती भिंतीवर शेजारी टांगल्या तर समोरून कुणालाही फरक ओळखता येणार नाही.

मध्ययुगीन तलवारी धिप्पाड माणसांनाच पेलत, ही समजूत जगभर आहे. आपल्याकडच्या व्हॉट्सॅप समूहांत ऐंशी किलोचे भाले फिरतात, तसंच युरोपातही वर्षानुवर्षं चालत आलं. संग्रहालयांतल्या अस्सल तलवारी काट्यावर ठेवल्या की हवा निघून जाते. एका हातानं चालवायची तलवार साधारण १ ते १.४ किलोची असते. मिरवणुकीत मिरवायला बनवलेल्या अजस्र तलवारी निराळ्या, त्या लढाईसाठी नव्हत्याच.

तरी प्रतिकृतीचं वजन मूळ तलवारीशी जुळलं म्हणून ती बरोबर ठरत नाही. वजन किती यापेक्षा ते हातापासून किती दूर आहे, याला जास्त महत्त्व. तलवार फिरवताना जो विरोध जाणवतो तो वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग या हिशेबानं वाढतो. हातापासून १० सेंमीवरचे १०० ग्रॅम आणि ७० सेंमीवरचे १०० ग्रॅम काट्यावर सारखेच, पण तलवार फिरवताना दुसरे पहिल्यांच्या ४९ पट भारी पडतात. भौतिकशास्त्रात याला जडत्वाघूर्ण म्हणतात. मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जाणारं पातं घडवणारा लोहार हे गणित न मांडता सोडवत होता.

प्रतिकृती विकणारे बहुधा वजनासोबत तोलबिंदूही सांगतात, म्हणजे तलवार बोटावर आडवी तोलली तर ती मुठीच्या आडव्या दांडीपासून किती अंतरावर स्थिर राहते ते. सरळ तलवारींत हे अंतर पुष्कळदा ८ ते १५ सेंमी असतं. माहिती उपयोगाची आहे, पण तिच्यात लबाडीला वाव आहे. पातं जाड ठेवायचं आणि मुठीच्या बुडाशी धातूची जाडजूड चकती बसवायची, की तोलबिंदू हाताकडे सरकतो आणि कागदावर सगळं छान दिसतं. टोकाकडचं जादा लोखंड मात्र जागच्या जागीच असतं. बुडाशी वजन वाढवल्यानं ते कमी होत नाही, उलट एकूण जडत्वात थोडी भरच पडते.

ही लबाडी पकडण्याची युक्ती सतराव्या शतकातली आहे आणि घरी करता येते. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६७३ मध्ये लंबकाच्या घड्याळावरचा आपला ग्रंथ छापला. कुठलीही घन वस्तू एका बिंदूवर टांगून झुलवली तर ती ठरावीक लांबीच्या साध्या लंबकासारखी झुलते, हे त्यानं त्यात दाखवलं. ही लांबी झोक्याच्या वेळेवरून काढता येते.

दोन टेबलं जवळ सरकवून मध्ये फट ठेवा. बोथट प्रतिकृतीची आडवी दांडी त्या फटीवर टेकवा आणि पातं खाली लोंबू द्या. हलकासा धक्का देऊन मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २० झोके मोजा. जाऊन परत येणं हा एक झोका. समजा ३२ सेकंद लागले, म्हणजे एका झोक्याला १.६ सेकंद. त्याचा वर्ग केला, ९.८१ नं (गुरुत्वत्वरण) गुणला आणि ३९.५ नं (४π²) भागला की येतात ०.६४ मीटर. म्हणजे दांडीपासून ६४ सेंमीवर एक खास बिंदू आहे. ३० सेकंद लागले असते तर तो ५६ सेंमीवर आला असता.

या बिंदूचं खासपण हातानंही जाणवतं. तलवार दांडीपाशी दोन बोटांत धरून पातं खाली सोडा आणि हात डावी-उजवीकडे भरभर, अगदी थोडासा हलवा. सगळं पातं लवलवताना दिसेल, पण एक जागा जवळजवळ स्थिर राहील. ती हीच. तलवारबाजीच्या अभ्यासकांत ही चाचणी चांगलीच रुळलेली आहे, पण हाताच्या अंदाजापेक्षा झोक्यांचा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो.

एकूण वजन, तोलबिंदूचं अंतर आणि झोक्यावरून काढलेली लांबी यांचा गुणाकार केला की दांडीभोवतीचं जडत्वाघूर्ण मिळतं. तलवार एका प्रतलात कशी फिरेल हे ठरवायला याहून जास्त काही लागत नाही. हे तीनही आकडे ज्यांचे सारखे, त्या दोन तलवारी दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी डोळे मिटून फिरवताना सारख्याच वाटतील. आणि ती बुडाची जड चकती इथेच उघडी पडते. तोलबिंदू हाताजवळ येतो पण जडत्व कमी होत नाही, त्यामुळे झोका मंदावतो आणि ती लांबी वाढून बसते.

जाडीचा दुसरा परिणाम लवचिकतेवर होतो, आणि इथे विक्रेत्यांच्या व्हिडिओंनी बराच गोंधळ घातलेला आहे. पातं धनुष्यासारखं वाकवायचं, सोडायचं, ते सरळ झालं की म्हणायचं, बघा काय पोलाद आहे! पातं किती ताठ असेल हे पोलादाच्या दर्जावर जवळजवळ अवलंबूनच नसतं. मऊ लोखंड असो की पाणी पाजलेलं पोलाद, त्यांचा लवचिकता गुणांक, म्हणजे धातूच्या अंगच्या ताठपणाचं माप, २०० गिगापास्कलच्याच आसपास असतो. ताठपणा ठरतो जाडीच्या घनावर. जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. पाणी पाजल्यानं फरक पडतो तो दुसरीकडे, म्हणजे पातं किती वाकवलं तरी पूर्ववत होईल आणि कुठल्या मर्यादेपुढे वाकडंच राहील, यात. त्यामुळे व्हिडिओतलं सहज वाकणारं पातं पातळ आहे एवढंच खात्रीनं सांगता येतं.

चौदाव्या शतकात अख्खं अंग झाकणारी पत्र्याची चिलखतं आली. त्यांच्या सांध्यांतल्या फटीत खुपसायला ताठ टोक लागतं, म्हणून मधे उंचवटा असलेली, निमुळत्या टोकाची पाती लोकप्रिय झाली. त्याआधीच्या काप घेणाऱ्या पात्यांना मधोमध पन्हळ असे. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते, हे निव्वळ थोतांड आहे. वाकताना पात्याच्या गाभ्यातल्या धातूवर ताण कमी येतो, म्हणून तिथला धातू काढला तर वजन बरंच घटतं आणि ताठपणा थोडाच. ब्रिटिश अभ्यासक इवर्ट ओकशॉट यांनी दुधारी सरळ तलवारींचं जे वर्गीकरण केलं ते पात्याचा आकार, पन्हळ आणि आडवा छेद याच गोष्टींवर उभं आहे, आणि आजही प्रतिकृतींच्या जाहिरातीत त्यांनी तलवारींच्या प्रकारांना दिलेले रोमन आकडे दिसतात.

पोलादाच्या बाबतीत आजचा कारागीर जुन्याच्या कितीतरी पुढे आहे. प्रतिकृतींसाठी सर्रास वापरलं जाणारं ५१६० क्रमांकाचं पोलाद हे स्प्रिंगचं पोलाद आहे. त्यात कार्बन सुमारे ०.६ टक्के आणि थोडं क्रोमियम असतं. ट्रकचे पाटे याच जातीच्या पोलादाचे असतात, आणि भंगारातल्या त्या पाट्यांपासून आपल्याकडचे लोहार कोयते घडवतात. मध्ययुगीन लोहाराला असं एकजिनसी पोलाद कुठून मिळणार? भट्टीतून निघणाऱ्या लोखंडात धातुमळी अडकलेली असे आणि कार्बन इथे जास्त तर तिथे कमी. मऊ गाभ्याला पोलादी धार जोडण्याचा मार्ग पुष्कळांनी धरला. लंडनच्या वॉलेस कलेक्शनशी संबंधित धातुतज्ज्ञ ॲलन विल्यम्स यांनी जुन्या पात्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, त्यांत अशी भेसळ वारंवार दिसते. आइसलँडच्या सागांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या वीरकथांमध्ये, लढता लढता वाकलेली तलवार पायाखाली दाबून सरळ करणारे योद्धे आहेत, ते उगाच नाहीत. अपवादही आहेत. पात्यात उल्फबर्ट हे नाव जडवलेल्या काही जुन्या तलवारी भरपूर कार्बनच्या, मुशीत वितळवलेल्या पोलादाच्या निघाल्या, आणि असं पोलाद तेव्हा मध्य आशियात आणि भारतात बनत होतं.

म्हणून प्रतिकृतीचं पोलाद मूळ तलवारीपेक्षा चांगलं आहे याचं मला कौतुक वाटत नाही. त्याचा फायदा घेऊन मूळची पातळ जाडी गाठली असेल तर गोष्ट वेगळी. होतं बहुधा उलटच. तुटू नये, गिऱ्हाईकानं परत आणू नये, म्हणून चांगल्या पोलादाचं पातं जाड ठेवलं जातं. स्टेनलेसच्या शोभेच्या तलवारींबद्दल इथे बोलायलाच नको. त्या आपटायच्या नसतात, कारण लांब पात्याला तो धातू ठिसूळ पडतो आणि मुठीत जाणारी सळई बऱ्याचदा नुसती वेल्डिंग करून चिकटवलेली असते.

मुठीवरून नेहमी कुरकूर ऐकू येते की ती आखूड आहे. कॉनयर्स फाल्शनच्या मुठीचा सगळा ऐवज मिळून १५ सेंमीच्या आसपास, तेव्हा पकडीला किती उरणार? आपल्या तलवारींच्या चिमुकल्या मुठी पाहूनही लोक पूर्वजांचे हात लहान असल्याचं सांगतात. खरं तर चारही बोटं घट्ट अडकून बसावीत म्हणूनच ती तशी असते. गिऱ्हाईकाच्या आग्रहाखातर मूठ लांबवली की हात मागे सरकतो आणि मगाचे तीनही आकडे बदलतात.

मूळ तलवारीची मापंही अगदी निर्मळ नसतात. नदीच्या गाळातून निघालेल्या पात्याचा बराच धातू गंजानं खाल्लेला असतो, वापरातल्या पात्याचा काही भाग धार लावता लावता झिजलेला. आज १.३ किलो भरणारी तलवार नवी असताना थोडी जास्तच भरली असणार. शंभरेक ग्रॅमच्या फरकावरून प्रतिकृतीला नावं ठेवणं म्हणून मला पटत नाही.

जाडीचा उतार इतका मोलाचा, तर तो सगळेच का ठेवत नाहीत? पैशांमुळे. एकसारख्या जाडीच्या पत्र्यातून लेझरनं आकार कापला की निम्मं काम उरकतं. ५ मिमीपासून २ मिमीपर्यंत सावकाश उतरत जाणारं पातं हवं तर एकतर ते ठोकून घडवावं लागतं, नाहीतर पत्र्यातला बराच धातू तासून कचऱ्यात घालावा लागतो. तासताना पातं तापून त्याचं पाणी उतरू नये म्हणून हात जपून चालवावा लागतो. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स जगातल्या मोठ्या तलवार उत्पादकांपैकी एक. तिथपासून अमेरिकेतल्या छोट्या कार्यशाळांपर्यंत किंमत मुख्यतः या मजुरीवर हलते. तेव्हा प्रतिकृती घ्यायचीच असेल तर पोलादाचा क्रमांक नंतर विचारा. आधी पात्याची जाडी तीन ठिकाणी विचारा, म्हणजे मुठीपाशी, मध्यावर आणि टोकाआधी पाच सेंमीवर. कॅलिपर लावून हे आकडे सांगायला विक्रेत्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि तिन्ही सारखेच निघाले तर पुढची चौकशी करण्यात अर्थ नाही.