पुण्यातून मुंबई-कोकणातील म्हाडाच्या घरासाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

नोकरी वाशीला किंवा ठाण्याला लागते, बदलीचा आदेश हातात पडतो, आणि पुण्यातील कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो घराचा. किनारपट्टीवरील शहरांमधले खुल्या बाजारातील भाव नोकरदार माणसाला पेलत नाहीत, त्यामुळे म्हाडाच्या सोडतीकडे वळणे साहजिक आहे. मात्र ही वाट धरणारे अनेक जण जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर धावपळ सुरू करतात आणि तिथेच मागे पडतात. धनकवडीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असे अर्ज भरून देताना मला वारंवार हेच दिसले आहे की, सोडतीत नाव निघणे आपल्या हातात नसले तरी कागदपत्रे वेळेवर तयार ठेवणे पूर्णपणे आपल्या हातात असते. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे.

प्रथम कोणाकडे अर्ज करायचा ते नीट समजून घ्यावे. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, 1976 च्या अधिनियमानुसार 1977 मध्ये अस्तित्वात आले. त्याची विभागीय मंडळे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक मंडळाची सोडत स्वतंत्रपणे निघते. आपल्या आगरकर नगरमधील पुणे मंडळाकडे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे जिल्हे येतात. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील घरे कोकण मंडळाची, तर मुंबई शहर व उपनगरांतील घरे मुंबई मंडळाची असतात. अर्जदार पुण्यात राहतो म्हणून त्याने पुणे मंडळाकडेच अर्ज करावा असे कोणतेही बंधन नाही, कारण अधिवासाची अट राज्याची आहे, जिल्ह्याची नाही. नवी मुंबईतील सिडको ही संस्था मात्र पूर्णपणे वेगळी असून तिची नोंदणी, माहितीपुस्तिका आणि नियमही वेगळे आहेत. सिडकोने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या 26,000 घरांच्या योजनेची सोडत फेब्रुवारी 2025 मध्ये झाली. त्या योजनेत अर्जदाराला पसंतीची घरे स्वतः निवडून त्यांचा क्रम लावायचा होता. म्हाडाकडे नोंदणी केली म्हणजे सिडकोकडेही झाली, असा समज करून घेऊ नये.

पात्रता

अर्जदाराचे वय 18 वर्षे पूर्ण असावे आणि तो महाराष्ट्राचा अधिवासी असावा. घर कोणत्या गटातील मिळेल हे वार्षिक कौटुंबिक उत्पन्नावर ठरते, आणि इथे कुटुंब याचा अर्थ अर्जदार आणि त्याची पत्नी किंवा तिचा पती एवढाच आहे. एकाच घरात राहणाऱ्या आईवडिलांचे निवृत्तिवेतन किंवा भावाचा पगार त्यात मिळवायचा नसतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कित्येक जण विनाकारण स्वतःला वरच्या गटात धरून बसतात.

मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक 6 लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न अत्यल्प गटात, 6 ते 9 लाख अल्प गटात, 9 ते 12 लाख मध्यम गटात आणि 12 लाखांच्या पुढचे उच्च गटात मोडते. पुणे महानगर प्रदेशातही हेच आकडे लागू आहेत, म्हणून पुणेकरांना ते ओळखीचे वाटतात. परंतु राज्याच्या उर्वरित भागात मर्यादा खाली येतात : अत्यल्प गटासाठी साडेचार लाख, अल्प गटासाठी साडेसात लाख आणि मध्यम गटासाठी 12 लाख. त्यामुळे पतीचे उत्पन्न 5 लाख आणि पत्नीचे 3 लाख 80 हजार असेल, तर एकूण 8 लाख 80 हजार रुपयांवर तेच जोडपे ठाण्यातील घरासाठी अल्प गटात बसते आणि रत्नागिरीतील घरासाठी मध्यम गटात जाते. घर जिथे आहे तिथली मर्यादा पाहायची, हे पक्के लक्षात ठेवावे. वरच्या गटातील अर्जदाराला खालच्या गटातील घरासाठी अर्ज करता येत नाही. खालच्या गटातून वरच्या गटात अर्ज करण्याची मुभा किती आहे, ते त्या सोडतीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मात्र वरच्या गटातील घराची किंमत आणि कर्जाचा हप्ता आपल्याला झेपेल का, याचा हिशेब आधी करावा.

पुण्यातील लोकांच्या मनात सर्वांत जास्त गोंधळ असतो तो दुसऱ्या घराबाबत. सर्वसाधारण योजनेत अट अशी असते की, ज्या महानगरपालिकेच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या हद्दीत म्हाडाचे घर आहे, त्या हद्दीत अर्जदार, त्याचा जोडीदार किंवा त्यांची अज्ञान (18 वर्षांखालील) मुले यांच्या नावे घर नसावे. म्हणजे चिंचवडमध्ये स्वतःची सदनिका असलेली व्यक्ती ठाणे महापालिका हद्दीतील घरासाठी अर्ज करू शकते. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरांना मात्र हा नियम पुरत नाही. तिथे भारतात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर नसले पाहिजे, आणि गावाकडचे पक्के घरही त्यात मोजले जाते. कोणते घर कोणत्या योजनेतील आहे हे जाहिरातीतील तक्त्यात संकेत क्रमांकासमोर, म्हणजे त्या योजनेला दिलेल्या क्रमांकासमोर, लिहिलेले असते, पण बहुतेक जण किंमत आणि ठिकाण पाहूनच पुढे जातात. एकाच सोडतीत किती वेगवेगळ्या योजना असतात ते पाहा : कोकण मंडळाच्या 2025 मधील सोडतीत 5,285 सदनिका होत्या. त्यांत 565 घरे 20 टक्के सर्वसमावेशक योजनेतील, 3,002 घरे 15 टक्के एकात्मिक शहर गृहनिर्माण योजनेतील, 1,677 घरे म्हाडाच्या स्वतःच्या योजनांमधील व विखुरलेली, आणि 41 घरे 50 टक्के परवडणाऱ्या योजनेतील होती. 20 टक्के योजनेतील घरे खासगी विकासकाच्या संकुलात असतात. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात विकासकाला ती राखून ठेवावी लागतात. तिथे घर मिळाल्यास संकुलाचा मासिक देखभाल खर्च किती येईल, याची चौकशी अर्जापूर्वीच केलेली बरी.

कागदपत्रे

2023 पासून म्हाडाच्या सोडतीची पद्धत बदलली आहे. पूर्वी आधी सोडत निघे आणि विजेत्याची पात्रता नंतर तपासली जाई. आता संगणकीय प्रणालीवर नोंदणी करतानाच कागदपत्रे जोडावी लागतात आणि पात्र ठरलेला अर्जदारच सोडतीत सहभागी होतो. हा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो, कारण पूर्वी घर लागूनही पात्रतेच्या फाइलमागे महिनोन्महिने फिरणारी माणसे मी पाहिली आहेत. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, कागद अपुरा असेल तर नाव सोडतीपर्यंत पोहोचतच नाही.

पती-पत्नी दोघांची आधार कार्डे आणि पॅन कार्डे, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि आरक्षित प्रवर्गातून अर्ज असल्यास त्या प्रवर्गाचे प्रमाणपत्र हे मुख्य कागद आहेत. अनुसूचित जातींसाठी 11 टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी 6 टक्के घरे राखीव असतात. त्याशिवाय दिव्यांग, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार, शासकीय कर्मचारी असे इतर प्रवर्गही आहेत. घटस्फोटित अर्जदाराने न्यायालयाचा हुकूमनामा हाताशी ठेवावा.

अधिवास प्रमाणपत्राबाबत विशेष काळजी घ्यावी. वीस वर्षांपूर्वी महाविद्यालयीन प्रवेशासाठी काढलेला, हाताने लिहिलेला आणि लॅमिनेट करून कपाटात जपलेला दाखला इथे चालत नाही. नव्या पद्धतीत जानेवारी 2018 नंतर दिलेला, बारकोड असलेला दाखला मागितला गेला आहे. माझ्या परिचयातील एका जोडप्याकडे असा नवा दाखला होता, पण मोबाइलवर फोटो काढताना कागदाची कड कापली गेली, बारकोडची अर्धी पट्टी चौकटीबाहेर राहिली आणि कागद परत आला. मुदत संपायला तेव्हा 3 दिवस उरले होते. त्यामुळे कागद सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा स्कॅन करावा.

हा दाखला ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो. शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, वीजबिल आणि दीर्घकाळ वास्तव्य असल्याचे पुरावे त्यासाठी लागतात. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मुळे दाखल्यांना कालमर्यादा आहे, तरीही शाळा प्रवेशाच्या हंगामात केंद्रांवर गर्दी उसळते, म्हणून तो काळ टाळावा. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला चालतो, मात्र तो जाहिरातीत नमूद केलेल्या आर्थिक वर्षाचाच हवा.

नावांची तफावत हे अर्ज नाकारले जाण्याचे आणखी एक कारण आहे. लग्नानंतर आधारवर नाव बदलले, पॅनवर माहेरचेच राहिले आणि अधिवास प्रमाणपत्रावर तिसरीच रचना आली, अशी स्थिती अनेक भगिनींची असते. राजपत्रातील नावबदल आणि पॅनची दुरुस्ती यांना वेळ लागतो, म्हणून हे काम आजच हाती घ्यावे.

अर्ज, अनामत आणि सोडतीनंतर

नोंदणी म्हाडाच्या अधिकृत गृहनिर्माण संकेतस्थळावर किंवा ॲपवर होते. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा, कारण पडताळणीचा संकेतांक त्यावरच येतो. एकदा केलेली नोंदणी पुढील सोडतींनाही उपयोगी पडते. त्यानंतर संकेत क्रमांक निवडून अर्ज भरायचा, आणि अर्जशुल्क व अनामत रक्कम ऑनलाइन भरायची. मुंबई मंडळाच्या 2023 च्या सोडतीत अनामत अत्यल्प गटासाठी 25,000, अल्प गटासाठी 50,000, मध्यम गटासाठी 1 लाख आणि उच्च गटासाठी दीड लाख रुपये होती. अर्जशुल्क वस्तू व सेवा करासह 590 रुपये होते आणि ते परत मिळत नाही. घर न लागल्यास अनामत खात्यात परत येते, म्हणून खाते अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचे द्यावे. एकाहून अधिक संकेत क्रमांकांसाठी अर्ज करता येतो, पण प्रत्येकाची अनामत वेगळी भरावी लागते.

मुदत संपल्यावर प्रारूप यादी लागते आणि तिच्यावर दावे व हरकती मागवल्या जातात. नाव नसेल किंवा प्रवर्ग चुकला असेल, तर दुरुस्तीची संधी याच थोड्या दिवसांत असते. अंतिम यादीनंतर सोडत निघते. कोणी दलाल पैशांच्या बदल्यात घर मिळवून देण्याचे आश्वासन देत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे, कारण म्हाडाने घरविक्रीसाठी कोणताही प्रतिनिधी नेमलेला नाही.

नाव निघाल्यास संदेश आणि ईमेल येतो. घराची स्वीकृती संगणकीय प्रणालीवरच नोंदवावी लागते आणि त्यानंतर देकार पत्रातील (घर देऊ केल्याच्या पत्रातील) मुदतींनुसार रक्कम टप्प्याटप्प्याने भरायची असते. गृहकर्ज घेणाऱ्यांनी देकार पत्र मिळताच म्हाडाच्या ना-हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, आणि बँकेकडून आपली कर्जपात्रता किती आहे हे सोडतीपूर्वीच विचारून ठेवावे.